आठशे मीटरची रजा

रजेच्या अर्जावर कारणांचे सहा चौकोन छापलेले होते: आजारपण, मृत्यू, विवाह, घराची पडझड, कोर्टाचं काम आणि क्रीडा. हवालदारानं चष्मा पुसून सहाही कारणं दोनदा वाचली आणि अर्ज हेडक्लार्कच्या टेबलावर परत सरकवला.

"यात माझं कारण नाही."

"मग रजाही नाही," हेडक्लार्क वर न बघता म्हणाला. "या सहांच्या बाहेर माणसाच्या आयुष्यात घडतं काय हो? झालंय तरी काय?"

"मुलगी पळणार आहे. शनिवारी."

हेडक्लार्कनं पेन खाली ठेवलं, उठून दार लोटलं आणि आवाज अगदी खाली आणला. "अरेरे. कुणाबरोबर?"

"सात जणींबरोबर. शाळेच्या मैदानावर. आठशे मीटर."

"असं होय!" हेडक्लार्क जरा हिरमुसलाच. त्यानं दार पुन्हा उघडलं. "अहो, मग धावणार आहे म्हणा की. पण तेही कुठे बसत नाही. धावताना पडली असती तर आजारपणात घातलं असतं. खरंच पळून गेली असती तर विवाहात. नुसती धावते आणि सुखरूप घरी येते, त्याला मी काय करू?"

हवालदार लष्कराच्या प्रशिक्षण केंद्रात कवायत शिकवायचा. दर नऊ महिन्यांनी चाळीस नवी पोरं यायची. त्यांना उभं राहायला, वळायला, चालायला आणि धावायला शिकवून तो पुढे पाठवायचा आणि पुन्हा नवी चाळीस ताब्यात घ्यायचा. पोरं त्याला तोंडावर 'उस्ताद' म्हणत आणि पाठीमागे 'भोंगा'. आजवर सहा-सातशे पोरं त्यानं धावती केली होती. स्वतःच्या घरातली एकुलती एक पोरगी धावताना मात्र त्यानं एकदाही पाहिली नव्हती.

तिला तो भिंगरी म्हणायचा. पाचवीत असल्यापासून ती शाळेतर्फे धावत होती आणि आता दहावीत होती. घर एसटीनं तासाभराच्या अंतरावर. पण शाळांच्या शर्यती शनिवारी असतात आणि शनिवारी रिक्रूटांची लांब पल्ल्याची चाल असते. लष्करात सुट्टी असतेच, फक्त आपल्याला हवी असते त्या दिवशी नसते. मग पंधरा दिवसांनी तो घरी गेला की भिंगरी पदक दाखवायची, तो ते उलटसुलट करून बघायचा आणि 'वा' म्हणायचा. पदकाला एवढंच म्हणता येतं.

गेल्या खेपेला ती म्हणाली होती, "यंदाची शेवटची शर्यत आहे बाबा. पुढच्या वर्षी मी नाही धावणार. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

ते 'चालेल' हवालदाराच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं. पोर रडून 'याच' म्हणाली असती तर तिला समजावता आलं असतं. समजावण्याचा त्याला सराव होता. पण 'चालेल' म्हणणाऱ्या पोरीला काय समजावणार? ती आपणहूनच समजून चुकली होती. म्हणून नोकरीत पहिल्यांदाच तो कुणी मेलेलं नसताना रजा मागायला आला होता.

हे सगळं काही तो हेडक्लार्कला बोलला नाही. नुसता उभा राहिला. हेडक्लार्क मनानं वाईट नव्हता; त्यालाही दोन मुली होत्या आणि त्या दोघी त्याच्याशी बोलत नसत. त्यानं अर्ज पुन्हा ओढून घेतला.

"धावणं म्हणजे खेळच ना?"

"खेळच."

"मग झालं तर." त्यानं सहाव्या चौकोनात बरोबरची खूण केली आणि 'तपशील'पुढे आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: धाव, आठशे मीटर. "कोण धावतंय असं अर्जात कुठेही विचारलेलं नाही. करा सही."

हवालदारानं सही केली. दुपारपर्यंत मेजरसाहेबांचीही सही झाली. इतक्या सहज मिळालेल्या गोष्टीचा त्याला नेहमी संशय यायचा, आणि तो सहसा खराही ठरायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रीडा अधिकारी त्याला शोधत मैदानावर आले. चोवीस-पंचवीस वर्षांचे लेफ्टनंट, गळ्यात शिट्टी, आणि चेहऱ्यावर, आपल्याला गुडघे आहेत हे ज्यांना अजून माहीत नसतं, त्यांच्यासारखा उत्साह.

"हवालदार! तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात!"

"मी, साहेब?"

"आठशे मीटर! या वयात! आणि आम्हाला पत्ता नाही." त्यांनी हवालदाराच्या पाठीवर थाप मारली. "शनिवारी आपल्या केंद्राची क्रॉसकंट्री आहे. आठ किलोमीटर. पाच जणांचा संघ लागतो, आणि त्यातला एक चाळिशीच्या वरचा. आपला चाळिशीवरचा म्हणजे मेसचा आचारी. काल पातेलं उचलताना त्याची कंबर धरली. मी डोक्याला हात लावून बसलो होतो, आणि तेवढ्यात तुमचा अर्ज."

"साहेब, तो अर्ज जरा वेगळा—"

"नियम माहीत आहे ना? क्रीडा रजा घेणाऱ्याचं नाव खेळाडूंच्या यादीत असलंच पाहिजे. आणि यादीत नाव असेल त्यानं केंद्रासाठी उतरलंच पाहिजे. नाव मी चढवलंय."

"साहेब, मी अकरा वर्षं धावलेलो नाही. पोरांना मी सायकलवरून पळवतो."

"किती हा विनय!" लेफ्टनंटसाहेब खूश होऊन म्हणाले. "मग आठशे मीटर कोण धावतं, तुमची सायकल?"

इथे हवालदाराचं घोडं अडलं. 'मी नाही, माझी मुलगी धावते' म्हणावं, तर रजेच्या अर्जात खोटी माहिती दिली असं होत होतं, आणि खोट्या माहितीला काय शिक्षा असते हे तो दर सोमवारी रिक्रूटांना स्वतः वाचून दाखवायचा. 'मीच धावतो' म्हणावं, तर धावावं लागणार होतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि शनिवार चार दिवसांवर. त्यानं टाच जुळवून सलाम ठोकला. तीच एक गोष्ट त्याला विचार न करता येत असे.

तरी यातून तो निसटला असता. पाय मुरगळला, पोट बिघडलं, असं काहीतरी ऐन वेळी काढता आलं असतं. पण लेफ्टनंटसाहेबांना संध्याकाळी आणखी एक कल्पना सुचली. उस्ताद धावणार म्हटल्यावर त्यांच्या पोरांनी टाळ्या वाजवायला नको का? त्यांनी मेजरसाहेबांकडून परवानगी आणली: शनिवारची लांब चाल रद्द. पोरांनी शर्यतीच्या वाटेवर उभं राहून उस्तादांना ओरडून जोर द्यायचा, आणि शर्यत संपली की अर्धा दिवस गावात सुट्टी. खाली मात्र बारीक अक्षरात लिहिलं होतं: संघाचे पाचही धावपटू उतरले तरच.

पोरांना अकरा आठवड्यांत एकही सुट्टी मिळालेली नव्हती. सूचनाफलकापाशी त्यांनी तो कागद दोनदा वाचला, आणि मग चाळीसच्या चाळीस डोकी हळूहळू हवालदाराच्या पायांकडे वळली. आपल्या पायांकडे इतक्या प्रेमानं कुणी बघितल्याचं त्याला आठवत नव्हतं.

त्यांच्यात एक होता, त्याला सगळे 'वकील' म्हणत. पहिल्याच दिवशी 'डावीकडे वळ' म्हटल्यावर 'कुणाच्या डावीकडे, उस्ताद? तुमच्या की माझ्या?' असं विचारून त्यानं हे नाव कमावलं होतं. तो दोन पोरांना घेऊन हवालदाराच्या खोलीपाशी आला. हातात तेलाची बाटली होती.

"उस्ताद, पोटऱ्या चोळून देऊ?"

"चालते व्हा."

"होतो, उस्ताद. पण जिन्यावरून सांभाळून उतरा. आणि सायकल आम्ही कुलूप लावून ठेवलीय. पडलात-बिडलात तर?"

बुधवार आणि गुरुवार हवालदारानं पहाटेच्या सरावात काढले. पहिल्या दिवशी चारशे पावलांवर त्याच्या छातीत कुणीतरी जुनं कपाट सरकवायला लागलं. दुसऱ्या दिवशी उजव्या गुडघ्यानं बोलायला सुरुवात केली. तो थांबला की वकील कुठूनतरी पाणी घेऊन हजर व्हायचा. तो लंगडला की चाळीस तोंडं उतरायची. पोरं आता त्याला पाठीमागेही 'भोंगा' म्हणेनाशी झाली. त्या आदराचा त्याला शिव्यांपेक्षा जास्त त्रास झाला.

गुरुवारी दुपारी त्यानं घरी फोन केला. भिंगरीनंच उचलला.

"रजा मंजूर झाली," तो म्हणाला. यातला प्रत्येक शब्द खरा होता.

"खरंच?" ती म्हणाली. "किती वाजता याल?"

"तुझी शर्यत किती वाजता?"

"अकराला. पण बाबा, उगाच धावपळ करू नका."

"नाही गं," हवालदार गुडघा दाबत म्हणाला. "धावपळ कसली."

शुक्रवारी सकाळी तो डॉक्टरसाहेबांपुढे जाऊन बसला. मनाशी त्यानं नीट जुळवलं होतं: गुडघा खराब म्हणून शर्यतीतून नाव वगळायचं, पोरांचे शिव्याशाप खायचे, आणि उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं घर गाठायचं. गुडघा खोटाही नव्हता. डॉक्टरसाहेबांनी तो वाकवला, सरळ केला, कान देऊन ऐकला.

"हा गुडघा आहे की दाराची बिजागरी?" ते म्हणाले. "धावणं बंद. सात दिवस सक्तीची विश्रांती."

"आभारी आहे, साहेब," हवालदार म्हणाला. त्याला गहिवरून आलं. "मग उद्या मी रजेवर घरी—"

"कुठे?"

"घरी, साहेब. तासाभराचा तर प्रवास."

"विश्रांती म्हणजे बराकीतल्या खाटेवर, हवालदार. गेटपास रद्द. ज्याला धावता येत नाही त्याला चालत्या एसटीत चढता येतं, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

हवालदार उठून उभा राहिला आणि त्यानं गुडघा दोनदा वाकवून दाखवला. दुसऱ्या वेळी आलेला आवाज त्यानं खोकून झाकला. "तसा ठीक वाटतोय आता, साहेब."

"दोन मिनिटांपूर्वी तुम्हाला पाय टेकवत नव्हता."

"तुमच्या हाताला गुण आहे, साहेब."

डॉक्टरसाहेबांनी कागद पुन्हा पुढे ओढला. मग 'सक्तीची विश्रांती' खोडून वर 'तंदुरुस्त' लिहिलं, आणि ते अक्षर इतकं रागानं लिहिलं की कागद फाटला.

तिथून तो तडक हेडक्लार्ककडे गेला. रजेचा अर्ज भरताना ज्यानं खूण केली, त्यानंच आता ती निस्तरावी, असं त्याचं म्हणणं होतं. हेडक्लार्कनं फाइल काढली, अर्ज उलटसुलट वाचला आणि डोकं खाजवलं.

"एक वाट आहे," तो म्हणाला. "उद्याची शर्यत आठ किलोमीटरची. रजा आहे आठशे मीटरची. म्हणजे कागदाप्रमाणे ही रजा या शर्यतीसाठी नाहीच. इथली शर्यत संपली की रजा शिल्लक राहते."

"मग मी इथली सोडून देतो."

"सोडलीत तर यादीतून नाव जातं. नाव गेलं की तुम्ही खेळाडू नाही. खेळाडू नाही तर क्रीडा रजा नाही." हेडक्लार्कचा आवाज खरोखरच हळवा झाला. "मुलीला धावताना बघायचं असेल, तर आधी तुम्हाला धावावं लागेल, हवालदार. आणि रजा दुपारपर्यंतचीच; दोनला मुख्य गेटवर पहारा आहे तुमचा. साडेअकराची परतीची एसटी चुकवू नका."

शनिवारी सकाळी सात वाजता बनियनवर पाच नंबर लावून हवालदार उभा राहिला. आकाश मळकट होतं आणि हवेत डांबराचा वास होता. शर्यतीला तीन केंद्रांचे मिळून पंधरा जण. शिट्टी वाजली आणि मिनिटाभरात चौदा पाठी त्याच्यापासून लांब गेल्या.

पहिला किलोमीटर त्यानं भिंगरीचा विचार करत काढला, दुसरा गुडघ्याचा. तिसऱ्यापासून विचार करायला जागाच उरली नाही. वाटेवर प्रत्येक वळणाला त्याची चार-चार पोरं उभी होती. त्यांना ओरडून जोर द्यायचा हुकूम होता, पण धावणाऱ्याला जोर देतात कसा, हे त्यांना एकाच माणसानं शिकवलं होतं.

"मामाच्या घरी आलात का, उस्ताद? पाय उचला!"

"झोप लागली असेल तर खाट आणू का, उस्ताद?"

"रडायचं असेल तर धावता धावता रडा, उस्ताद!"

पोरं मनापासून ओरडत होती. एकाच्या तर डोळ्यांत पाणी होतं. हवालदाराला आपलीच वाक्यं अशी आदरार्थी बहुवचनात ऐकून घेताना पहिल्यांदाच वाटलं, की आपल्याला बोलायला बहुधा एवढंच येतं. सहाव्या किलोमीटरला दुसऱ्या केंद्राचा एक चाळिशीवरचा सुभेदार दगडावर बसलेला दिसला. बूट काढून तो पायाकडे बघत होता.

"चला, सुभेदारसाहेब," हवालदार धापा टाकत म्हणाला.

"कशासाठी?" सुभेदार म्हणाला. त्याचा प्रश्न अगदी रास्त होता.

हवालदार शेवटून पहिला आला, पण आला. सुभेदार न आल्यामुळे त्याचं केंद्र बाद झालं आणि हवालदाराचं केंद्र दुसऱ्या क्रमांकावर गेलं. लेफ्टनंटसाहेबांनी त्याला मिठीच मारली. फोटो निघाला. मेजरसाहेबांनी हात मिळवला आणि छोटंसं भाषण केलं, ते चाळीस मिनिटं चाललं. वय, शिस्त आणि जिद्द यांवर ते बरंच काही बोलले, आणि शेवटी टाळ्यांच्या कडकडाटात जाहीर केलं, की हवालदारांची निवड विभागीय स्पर्धेच्या संघात होत असून आता दोन महिने त्यांचा दर शनिवारी आणि रविवारी सराव राहील.

हवालदारानं टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते. महिन्याचे दोन रविवार होते त्याच्याकडे, तेही गेले.

एसटी केव्हाच निघून गेली होती. कपडे बदलायलाही वेळ नव्हता. पोरांना भिंगरीच्याच गावात सोडणारा ट्रक सुरू होत होता, त्यात तो तसाच, नंबर लावलेल्या बनियनवर चढला. पोरांनी हात देऊन वर ओढून घेतलं. केस विंचरलेले, बूट चकाचक, खिशात रुमाल, अशी चाळीस पोरं उस्तादांना बघून सावरून बसली. त्यांच्या सुट्टीची पहिली दहा मिनिटं त्याच्यामुळे शिस्तीत गेली.

"उस्ताद, तुम्ही कुठे?" वकिलानं विचारलं.

"शाळेच्या मैदानावर. मुलगी धावतेय माझी."

ट्रकमध्ये चुळबुळ झाली. "आम्ही येऊ, उस्ताद?" वकील म्हणाला. "आम्हाला ओरडता येतं आता."

"नको." मग आपण जरा तुटक बोललो असं वाटून हवालदार म्हणाला, "सुट्टी आहे तुमची. अकरा आठवड्यांनी मिळालीय. मी सांगतो म्हणून कुठे जाऊ नका आज."

शाळेच्या कोपऱ्यावर तो उतरला तेव्हा अकरा वाजून गेले होते. उतरताना गुडघ्यातून जे काही निसटलं ते त्यानं तिथेच राहू दिलं आणि लंगडत फाटक गाठलं. आत कर्ण्यावरून बाई काहीतरी सांगत होत्या. पालकांच्या खुर्च्या मांडवात समोर दिसत होत्या. तिकडे वळला तर शिपायानं अडवलं.

"खेळाडूंना इकडून नाही."

"मी खेळाडू नाही. पालक आहे."

शिपायानं बनियनवरच्या पाच नंबराकडे बघितलं, घामाकडे बघितलं, चिखलाकडे बघितलं. "शिक्षकांच्या धावेला आलात ना? ती बारा वाजता. खेळाडू त्या बाजूनं."

त्याच्याशी हुज्जत घालायची ताकद हवालदारात नव्हती. चार दिवस तो 'मी खेळाडू नाही' हे वेगवेगळ्या लोकांना पटवत होता आणि एकालाही ते पटलेलं नव्हतं. तो दाखवलेल्या बाजूनं गेला, आणि गेला तर थेट शेवटच्या रेषेजवळच्या दोरीपाशी पोचला. एकाही पालकाला इतकी चांगली जागा मिळालेली नव्हती.

आठशे मीटरचा दुसरा फेरा सुरू होता. आठ मुली पलीकडच्या वळणावर होत्या. हवालदारानं भिंगरीला शोधलं आणि ती सापडेना. तो अजून मनातली, आपल्या खांद्याला लागेल एवढी, दोन वेण्यांची पाचवीतली पोरगी शोधत होता. सगळ्यात पुढे एक उंच, काटक मुलगी होती. मान स्थिर, हात कमरेच्या रेषेत, पाऊल एकसारखं. ही कुणाची पोर असावी, शिकवली कुणी, असं त्याच्यातल्या उस्तादाच्या मनात आलं. वळण संपवून ती समोर आली, आणि तिच्या कपाळावर त्याला त्याच्या आईच्या कपाळावरची आठी दिसली.

ती भिंगरी होती. दुसरीपेक्षा दहा पावलं पुढे होती. हवालदाराला एकदम रडू फुटलं आणि त्यानं ते थोपवलंही नाही. पाच वर्षं हे असं होत होतं, आणि आपण पंधरा दिवसांनी येऊन पदक उलटसुलट करत होतो. तिला काहीतरी ओरडून सांगावं असं त्याला फार वाटलं. शाबास म्हणावं. पण सकाळी वाटेवर ऐकलेली ती सगळी वाक्यं त्याच्या जिभेशी येऊन उभी राहिली, आणि त्यातलं एकही त्याला पोरीला द्यायचं नव्हतं. रेषा पाच पावलांवर आली. न राहवून त्यानं नुसतं नाव घेतलं.

"भिंगरी!"

अठरा वर्षं परेड मैदानावर तापवलेला तो आवाज. मांडवातले पालक दचकले. कर्ण्यावरच्या बाई बोलायच्या थांबल्या. आणि भिंगरीनं मान वळवली, त्याला पाहिलं, आणि रेषा तीन पावलांवर असताना धावपट्टी सोडून ती थेट दोरीकडे धावत आली. पाऊल तसंच, एकसारखं. मागून मुली निघून गेल्या. लोक ओरडत होते, हात हलवत होते, तिला तिकडे बघायलाही सवड नव्हती. तिनं दोरी दोन्ही हातांनी धरली आणि धापा टाकत विचारलं,

"निघालात का, बाबा?"

हवालदाराला आधी कळलंच नाही. मग कळलं. घरी तो तिला हाक एकदाच मारायचा. सोमवारी पहाटे बूट घालून झाले, पिशवी खांद्याला लावली, की दारात उभा राहून एकदाच. एसटी कुणासाठी थांबत नाही. भिंगरी अंथरुणात असो, न्हाणीत असो की गणितात, असेल तिथून सगळं टाकून ती धावत यायची. मिनिटभर उशीर झाला, तर पुढचे पंधरा दिवस बापाचं तोंड दिसायचं नाही. धावायला ती बहुधा तिथेच शिकली होती.

"नाही गं," तो म्हणाला. "आत्ताच आलोय."

भिंगरीनं मागे वळून रेषेकडे पाहिलं. तिथे तिच्या मागची मुलगी दोन्ही हात वर करून नाचत होती. मग तिनं पुन्हा बापाकडे पाहिलं, त्याच्या बनियनवरचा नंबर पाहिला, ओले डोळे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला खरंच समजत नव्हतं.

"मग हाक कशाला मारलीत?"